उकिरड्याचा दाखला

आमच्या अश्विनीला इंग्लंडच्या विद्यापीठात जागा मिळाली आणि ती पक्की करायला घरामागचा उकिरडा खणावा लागला. हे वाक्य मी आजवर निदान दोनशे माणसांना सांगितलं असेल. प्रत्येकानं पहिला अर्धा भाग ऐकून मला नमस्कार केला आणि दुसरा अर्धा ऐकून माझी तब्येत विचारली.

अश्विनी माझी नात. नगरला सावेडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन बी. ए. झाली. पुढं शिकायला तिनं दोन विषय एकत्र धरले, मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व. पहिल्याचं नाव न अडखळता म्हणायला मला चार दिवस लागले, तेव्हा एकावर भागत नाही का, असं मी तिला विचारलं.

"आबा, माणसांनी काय टाकून दिलं ते बघायचं, हे पुरातत्त्व. माणसं स्वतःबद्दल काय सांगतात ते ऐकायचं, हे दुसरं."

"आणि दोन्ही एकत्र?"

"मग मेळ बसतो का ते पाहायचं."

असला विषय आमच्या गल्लीत आणणं धोक्याचं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमची अंजनवाडी नेवाशाच्या अंगाला. घरामागं एक मोठा खड्डा आहे, त्यावर चार घरं कचरा टाकतात. एक आमचं. दुसरं जैनुद्दीन शिंप्याचं. तिसरं वाल्मिकअण्णाचं, हा गळ्यात माळ असलेला, सोळा वर्षं सप्ताह कमिटीचा अध्यक्ष. चौथं भागवतचं, जो स्वतःला युवा नेता म्हणवतो. पूर्वी या खड्ड्यातलं खत दर उन्हाळ्यात शेतात जायचं. मग गुरं कमी झाली, खताच्या गोण्या आल्या आणि वीस वर्षांत खड्ड्याला कुणी हात लावला नाही. नुसती भर पडत गेली.

अश्विनीला बातमी आली आणि तिघं शेजारी सल्ले घेऊन ओट्यावर आले.

"खोदकामच शिकायचं तर पोकलेन शिकव की," वाल्मिकअण्णा म्हणाला. "एवढ्या लांब कशाला? हितं नगरात लई मागणी हाय."

"मी बोलतो वर," भागवत म्हणाला. तो कशावरही असंच म्हणतो. वर कोण बसलंय ते गावाला अजून कळलेलं नाही.

जैनुद्दीन माझ्याकडं वळला. "भीमाभाऊ, पोरीसंगं सुईदोरा द्या. तिकडं एक बटण लावायचं तर येरवाळी उठूनच नंबर लावावा लागत आसंल."

विद्यापीठाची अट अशी होती, की स्वतःच्या हातानं केलेला एक छोटा अभ्यास मेअखेरपर्यंत पाठवायचा. पोचला तर जागा पक्की, नाही तर ती पुढच्या नंबराला. अश्विनीच्या मनात गावाबाहेरचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड खणायचं होतं. पण त्याला दिल्लीची परवानगी लागते आणि ती यायला लागणाऱ्या काळात अश्विनीला नातवंडं झाली असती. तेव्हा तिकडच्या मॅडमनी मोबाईलवर तोडगा सांगितला. म्हणाल्या, घरचा कचराच थराथरानं खणून बघ. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त ज्यांचा कचरा आहे त्यांची लेखी संमती आणि असा उकिरडा त्या जागी खरोखर आहे असं गावच्या कारभाराचं पत्र, एवढं जोड.

एवढं! मॅडम हुशार असतील, पण आमच्या तालुक्यात राहिलेल्या नाहीत.

संमती मात्र चुटकीसरशी मिळाली. आपलं नाव इंग्लंडला जाणार म्हणून तिघांनीही वाचल्याशिवाय सह्या केल्या. मग अश्विनी वही घेऊन घरोघर बसली आणि तुम्ही काय काय टाकता, असं विचारू लागली.

वाल्मिकअण्णा म्हणाला, "आमच्यात काय निघनार पोरी? शेन, पालापाचोळा. फार तर देवाची सुकलेली फुलं." जैनुद्दीनच्या घरी मेहताबभाभींनी सांगितलं, की त्यांच्या ईदच्या बिर्याणीचा मसाला सासूबाईंच्या पद्धतीनं पाट्यावर वाटलेला असतो, त्यामुळं कचरा म्हणून काही उरतच नाही. त्या बिर्याणीसाठी गावातली निम्मी माणसं वर्षभर जैनुद्दीनशी गोड बोलतात. भागवत म्हणाला, त्याच्या घरचा कचरा समाजसेवेतच संपतो. याचा अर्थ अश्विनीनं दोनदा विचारला आणि शेवटी जसाच्या तसा लिहून घेतला.

मला विचारलं तेव्हा मी ताठ बसून सांगितलं, की मी बीपीची गोळी रोज सकाळी नियमानं घेतो. मुक्ताबाई, म्हणजे आमचं कुटुंब, दारातच उभी होती. तिनं मान हलवून दुजोरा दिला. बावन्न वर्षांच्या संसारात तिनं मला दिलेला तो शेवटचा दुजोरा.

सोमवारी खणायला सुरुवात झाली. चार खुंट्या, सुतळीचा चौकोन, खुरपं, चाळण आणि रंगाचा जुना ब्रश. पोरगी त्या ब्रशनं शेण झाडायची. ते बघायला सगळा गाव लोटला. पलीकडं दायमाबादला पूर्वी एकाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ सापडला होता, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं पहिल्या दिवशी लोकांचा सूर आदराचा होता.

"काय घावलं का?"

"गुटख्याच्या पुड्या, एकशेचाळीस. टीव्हीचा रिमोट, एक."

"त्यो आमचा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "सुनंनं टाकला आसंल. तिला मॅच आवडत न्हाई."

मंगळवारी पहिलं गोळीचं पाकीट निघालं. मग दुसरं. मग पिशवी भरून. सगळी भरलेली, एकही गोळी न काढलेली. अश्विनीनं ती मागच्या ओट्यावर तारखांप्रमाणं लावली, तर ओळ दारापासून तुळशीपर्यंत गेली. मी म्हणालो, कंपनीनं खराब माल पाठवला असावा. मुक्ताबाईनं संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा दिला. मला साखरेचा आजार नाही, बीपीचा आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण ती वेळ शास्त्र शिकवायची नव्हती.

मला वाटलं होतं, अब्रू माझी एकट्याची जाईल. पण शास्त्र समदृष्टीचं असतं. बुधवारी तयार बिर्याणी मसाल्याची पाकिटं निघाली. प्रत्येकाचा कोपरा कात्रीनं तिरका आणि नीट कापलेला. असा काप गल्लीत एकाच घरची कात्री देते. जैनुद्दीननं एक पाकीट उचलून हुंगलं. मग म्हणाला, "म्हंजी अम्मीच्या हाताची चव कारखान्यात बनती व्हय? मी दर ईदला अम्मीच्या आठवनीनं रडत हुतो, भीमाभाऊ!" त्याच्या घरातून भाभींचा आवाज आला, "रडता रडता तीन ताटं खाल्ली ना? मग?"

त्याच दुपारी भागवतचे वाढदिवसाचे फ्लेक्स निघाले, तीन निरनिराळ्या थरांत. तिन्हीवर हात जोडलेला भागवत आणि तिन्हीवर 'चाळिसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. अश्विनी गोंधळात पडली. थरांचा हिशेब सांगत होता, की मध्ये सात वर्षं गेली आहेत.

"छापणाऱ्याची चूक," भागवत म्हणाला.

"तिन्ही खेपेला का, काका?"

"पोरी, तू शिकायला चाललीस ना? मग जा की गुमान."

गुरुवारी वाल्मिकअण्णाची पाळी आली. सप्ताहाच्या उरलेल्या पत्रिकेत घट्ट गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली एक पुडी निघाली. आत देशी दारूची रिकामी क्वार्टर. थोडं खाली तशीच दुसरी. मग तिसरी. एका पुडीपासून दुसरीपर्यंत कचऱ्याची जाडी मोजून घेतल्यासारखी सारखी. पत्रिकेवर सप्ताहाचं साल छापलेलं असल्यामुळं प्रत्येक बाटलीची जन्मतारीख आपोआप कळत होती.

"फिनेल आनतो मी त्यात," वाल्मिकअण्णा म्हणाला. "देवळाच्या फरशीला."

"दर आठवड्याला, काका?"

"फरशी मोठी हाय!"

इथवर ठीक होतं. गल्लीतली भांडणं गल्लीत राहतात. घोटाळा केला तो मी.

मला अक्षरं पन्नाशी उलटल्यावर आली, प्रौढांच्या वर्गात. लहानपणी शिकलेली माणसं मनात वाचतात. मला ते जमत नाही; नजरेला पडेल ते मी मोठ्यानं वाचतो. एस.टी.च्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दुसऱ्याच्या लग्नपत्रिका. शुक्रवारी तीन फुटांवर खुरपं पत्र्याला लागून खण्‌ वाजलं. रथ, रथ म्हणून गर्दी पुढं सरकली. अश्विनीनं ब्रश फिरवला आणि निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं दिसू लागली. मी घसा साफ केला आणि वाचू लागलो:

"ग्रामपंचायत अंजनवाडी. स्वच्छ ग्राम पुरस्कार विजेते. या ठिकाणचा उकिरडा कायमचा हटवून... गांडूळखत प्रकल्प... उभारण्यात आला आहे."

सगळे गप्प झाले. मला वाटलं, माझ्या वाचनाचा परिणाम. म्हणून मी तारखेसकट पुन्हा वाचलं. दुसऱ्या खेपेला निम्म्या गावाच्या हातात मोबाईल होते.

आठ वर्षांपूर्वी आमच्या गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी उकिरड्यावर हिरवी जाळी टाकून ही पाटी रोवली होती आणि पाहुण्यांनी जाळीसमोर फोटो काढले होते. पुढं जाळी कुणाच्या तरी दोडक्याच्या वेलाला गेली, पाटी पडली आणि तिच्यावर आम्ही नेमानं कचरा टाकत राहिलो.

तासाभरात ग्रामसेवक भाऊसाहेब मोटारसायकलवरून आले. ते एरवी मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, म्हणजे मंगळवारी येत नाहीत आणि शुक्रवारी लवकर जातात. त्या दिवशी मात्र हेल्मेटही न काढता खड्ड्यापाशी उभे राहिले.

"आबा, हे काय चालवलंय?"

"उकिरडा खणतोय. बरं झालं आलात. उकिरडा असल्याचं पत्र पाहिजे होतं."

"कुठला उकिरडा?"

मी खाली बोट दाखवलं. ते उकिरड्यातच उभे होते.

"दप्तरी इथं गांडूळखत प्रकल्प आहे," ते म्हणाले. "उकिरडा निरंक आहे. निरंक गोष्टीचा दाखला मी कसा देऊ? उलट शासकीय प्रकल्प उकरल्याबद्दल तुमच्यावरच नोटीस निघेल."

अश्विनी नम्रपणे म्हणाली, "सर, एकही गांडूळ नाही यात."

"ती खोल असतात."

मग आवाज उतरवून त्यांनी तडजोड सुचवली. पोरीनं गांडूळखताचा अभ्यास केला असं लिहावं, पत्र आत्ता देतो. अश्विनी नको म्हणाली. खोटंच लिहायचं तर इंग्लंडला कशाला जायचं, इथं सोय आहे, असं काहीतरी ती पुटपुटली. भाऊसाहेबांनी ते ऐकलं आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

संध्याकाळपर्यंत माझं वाचन तालुकाभर पोचलं होतं. आणि कॅमेऱ्यात नुसती पाटी नव्हती. मागं ओट्यावर बाटल्या, फ्लेक्स, मसाल्याची पाकिटं आणि माझ्या गोळ्या रांगेत मांडलेल्या दिसत होत्या. शनिवारी सकाळी तिन्ही शेजारी दारात आले आणि संमतीचे कागद परत मागू लागले.

"नाव जातंय म्हनून सही दिली," वाल्मिकअण्णा म्हणाला. "आसं जातंय ठाऊक न्हवतं."

नियम नियम असतो. अश्विनीनं कागद परत दिले. बुधवार शेवटचा दिवस, हातात दाखला नाही, संमती नाही आणि खालचे दोन फूट खणायचे बाकी. पोरगी खड्ड्याच्या काठावर ब्रश धरून नुसती बसून राहिली. लहानपणी पडली तरी ती अशीच गप्प बसायची. मला ते बघवलं नाही.

सोमवारी मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. पहिल्या टेबलानं विचारलं, उकिरड्याची नोंद आहे का? म्हणालो, नाही. दुसऱ्या टेबलानं सांगितलं, नोंद नसेल तर नोंदीसाठी अर्ज करा, अर्जासोबत उकिरडा असल्याचा दाखला जोडा. मी म्हणालो, दाखल्यासाठीच आलोय. ते म्हणाले, मग पहिल्या टेबलाकडं जा. तिसऱ्या टेबलावरच्या बाई मायाळू होत्या. त्या म्हणाल्या, "उकिरडा नसल्याचा दाखला हवा असेल तर पाच मिनिटांत देते."

मंगळवारी सकाळी नऊला जेसीबी आला. व्हिडिओ जिल्ह्यापर्यंत गेला होता आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. पाठोपाठ भाऊसाहेब. मी खुंट्यांच्या आत जाऊन उभा राहिलो आणि ऑपरेटरला म्हणालो, "कशाच्या आधारावर उचलतोस?"

"आबा, माझ्याकडं कागद हाय," तो वरूनच म्हणाला. "मागं एकदा तोंडी सांगण्यावर भिंत पाडली, तवापासनं लेखी घेतल्याबिगर मी किल्ली फिरवीत न्हाई." आणि त्यानं कागद खाली दिला.

कागद हातात आला म्हटल्यावर मी काय करणार? वाचू लागलो. सावकाश, काना-मात्रा न सोडता.

"विषय, मौजे अंजनवाडी येथील श्री. भीमाजी कारभारी औताडे यांचे घरामागील उकिरडा तात्काळ हटविणेबाबत. सदर उकिरडा लांबी बारा फूट, रुंदी नऊ फूट असून... अंदाजे वीस वर्षांपासून अस्तित्वात आहे... व त्याचा वापर चार कुटुंबे करीत आहेत. सबब तो उचलून... पारासमोरील रस्त्याचे खड्डे बुजविणेकामी पसरविण्यात यावा. सही. गोल शिक्का."

वाचून होईस्तोवर अश्विनीनं मोबाईलवर त्याचे चार फोटो काढले होते. पोरीचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा उजळला.

"आबा," ती हळूच म्हणाली, "याच्यापेक्षा चांगला दाखला सरांना लिहिताच आला नसता."

भाऊसाहेबांच्या ते एक क्षण उशिरा लक्षात आलं. "तो कागद अंतर्गत आहे!" ते ओरडले. पण शिक्का गोल होता आणि गोल शिक्क्याला आमच्या तालुक्यात आतबाहेर नसतं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांच्या लक्षात आली. उचललेला माल पारासमोर पसरणार. म्हणजे सोळा वर्षांच्या पुड्या देवळाच्या दारात, चाळिशीतला भागवत रस्त्यात उताणा आणि मसाल्याची पाकिटं मशिदीच्या वळणावर.

अश्विनीनं वही उघडली. "काका, रस्त्यावर पडलं तर सगळ्यांना नावानिशी कळेल. माझ्या वहीत गेलं तर नाव नाही, नुसता नंबर. घर क्रमांक एक, दोन, तीन, चार. तसा शास्त्राचा नियमच आहे. आज खालचे थर मी नीट काढले, की वस्तू पोत्यात भरून ज्याच्या त्याला परत."

"नाव येनार न्हाई ना?" वाल्मिकअण्णानं विचारलं.

"शपथ."

"आधी माझ्या गोळ्या लिही," मी म्हणालो आणि पहिली सही केली. मग जैनुद्दीननं केली. मग भागवतनं, वर न बोलता. शेवटी वाल्मिकअण्णानं माळ सदऱ्याच्या आत सारून केली.

जेसीबीवाल्याला मुक्ताबाईनं जेवायला बसवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, वर दही. तो उठायला लागला की ती अजून एक भाकरी टाकायची. अशा सात भाकऱ्यांत अश्विनीनं खालचे दोन फूट पुरे केले. खड्ड्यात उतरून चाळण धरायला आणि चौकोनाबाहेरचाही आपापला माल वेचून पोत्यात भरायला तिघं शेजारी सगळ्यांत पुढं होते. इतक्या मनापासून विज्ञानाला वाहून घेतलेली माणसं मी पाहिली नाहीत. आठव्या भाकरीला ऑपरेटरनं हात जोडले आणि उकिरडा उचलला. बुधवारी अश्विनीनं सगळं पाठवलं. त्याच दिवशी साहेब आले, मोकळा खड्डा पाहून खूष झाले आणि इथं गांडूळखत प्रकल्प उभारावा अशी सूचना करून गेले.

नवव्या दिवशी उत्तर आलं. जागा पक्की! अश्विनीनं ओट्यावर उभं राहून ते पत्र मराठीत सांगितलं. घर क्रमांक एकमधला वृद्ध पुरुष औषध घेत असल्याचं सांगतो, पण पुराव्याचं म्हणणं वेगळं आहे, असं त्यात होतं. औषधाचं मी सोसलं. 'वृद्ध' मात्र लागलं. सगळ्यांत मोठं कौतुक घर क्रमांक तीनचं होतं. मॅडमनी लिहिलं होतं, की विल्हेवाटीची अशी शिस्त त्यांना इतक्या वर्षांत कुठं आढळली नाही. ठरलेला वार, ठरलेली जागा, ठरलेली गुंडाळी. पुढं त्या हे विद्यार्थ्यांना शिकवणार होत्या.

नाव कुणाचंच नव्हतं, तोच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर फ्लेक्स लागला. हात जोडलेला भागवत आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'इंग्लंड विद्यापीठाने गौरविलेले घर क्रमांक तीन. अंजनवाडीची शान.'

मी तो अर्थातच मोठ्यानं वाचला. पारावर पंचवीसेक माणसं बसली होती. वाल्मिकअण्णा देवळातून बाहेर येत होता, मागं त्याची बायको पूजेचं ताट घेऊन. त्यानं ऐकलं, तो थबकला, फ्लेक्सकडं बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"ए भागवत," तो म्हणाला, "तीन नंबर तुझा व्हय?"

"मग कुणाचा? शिस्त म्हटलं की आपणच."

"शिस्त? तुला सादा वाढदिवस ध्यानात ऱ्हात न्हाई!" वाल्मिकअण्णा पाराची पायरी चढला. "दर शनवारी त्या खड्ड्यावर कोन जात हुतं? मी! पत्रिकंत गुंडाळून दोरा कोन बांधत हुतं? मी! आन ह्यो फुकटचा शान व्हतोय!"

"अण्णा, देवळाची फरशी..." मी त्याला सावरायला गेलो.

"कसली फरशी! सोळा वर्सं, आबा. सोळा वर्सं एक शनवार खाडा न्हाई."

मग त्याची नजर मागं उभ्या बायकोकडं गेली. तिनं ताट पायरीवर ठेवून पदर खोचला होता. अण्णानं माळेला हात लावला आणि जरा खालच्या आवाजात, पण अब्रूला धरून म्हणाला,

"एकादशी आली तर तेवढी सोडून."